गोलात टिंब

शुभाताईंनी नवऱ्याला तोंडावर पाडायचं ठरवलं ते रोममध्ये, जमिनीखालून दोन मजले चढून वर आल्यावर, भर दुपारी. प्रत्यक्ष पाडापाडी झाली ती जानेवारीत, आणि तीही एडिसनला. कारण आपल्या लोकांचा प्रवास विमानातून उतरल्यावर संपत नाही, घरी आल्यावर तो चारचौघांना दाखवावा लागतो.

अमेरिकेतल्या या एडिसनच्या मराठी मंडळात ज्येष्ठांचा एक गट आहे. दर महिन्याचा तिसरा शनिवार, दुपारी दोन ते पाच, सीनियर सेंटरचा हॉल. जो कुठे जाऊन आला असेल त्यानं पडद्यावर फोटो लावून चाळीस मिनिटं बोलायचं, मग बटाटेवडे आणि चहा. अलास्का झालं, पेरू झालं, व्हिएतनाम तर दोनदा झालं. लोक येतात ते वड्यांसाठी, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं. शशिकांत देशकरांना तेवढं ठाऊक नव्हतं.

शशिकांतराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पंचाहत्तर साली नागपूरहून आलेले, जन्मभर पुलांची कामं केलेले इंजिनियर. आवाज खणखणीत, कान गेलेले, आणि मत मात्र जगातल्या प्रत्येक गोष्टीवर. शुभाताई त्यांची बायको. प्राचीन भारतीय इतिहासात नागपूरची एम.ए., फर्स्ट क्लास फर्स्ट, ब्राह्मी लिपीच्या पेपरात तर विद्यापीठात सगळ्यांत वर. तो कागद अमेरिकेत आल्यापासून बेसमेंटमधल्या फायलीत आहे. पार्टीत कुणी विचारलंच तर शशिकांतराव सांगायचे, "आमच्या मिसेसचं एम.ए. म्हणजे मेलेल्यांचं एम.ए. जिवंत माणसाला उपयोग शून्य." लोक हसायचे. शुभाताईही हसायच्या. पहिली दहा वर्षं तर मनापासून हसल्या, कारण त्यांना वाटायचं माणूस प्रेमानं म्हणतोय. पुढची चाळीस वर्षं नुसत्या हसल्या.

तर रोम. ऑक्टोबरात मंडळाची बावीस माणसं गेली होती. तिथे गाइड पुढे चालते आणि तिचा आवाज आपल्या कानातल्या यंत्रात येतो. ते यंत्र कानात बसवायचं तर शशिकांतरावांना आपलं श्रवणयंत्र काढावं लागे, आणि श्रवणयंत्र काढलं की दुसऱ्या यंत्राचं काही ऐकू येईना. शुभाताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अहो, गळ्यात अडकवायचं वेगळं मिळतं, मागून घेऊ या." तर म्हणाले, "मला सगळं क्लिअर आहे. तू तुझं बघ." झालं. मग फोरम, कलोझियम, सगळं रोम गृहस्थानं एक अक्षरही न ऐकता पाहिलं, आणि हॉटेलवर येऊन सगळ्यांना समजावून सांगितलं.

शुभाताईंचं मात्र तसं नव्हतं. त्या पडक्या खांबांशी थांबायच्या, हात लावायच्या, कोरलेलं अक्षर अन् अक्षर बघायच्या. मागं पडल्या म्हणून रोज बोलणी खायच्या आणि तरी थांबायच्या. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

सहाव्या दिवशी गावाबाहेरची ती भुयारं पाहायला गेले. पहिल्यावहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपली माणसं पुरली ती ही जागा. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना फडताळासारखे एकावर एक कप्पे, आता रिकामे. गारवा इतका की मूळच्या पुण्याच्या कांचनताईंनी कानटोपी चढवली. एका खोलीत छतावर चित्र होतं. आखूड अंगरख्यातला एक तरणा पोरगा, खांद्यावर जनावर, कमरेला पावा, बाजूला मोर. खाली भिंतीत एक फरशी, तिच्यावर कोरलेला मासा आणि पाच अक्षरं. गाइड वयस्क बाई होती, जुन्या मास्तरणीसारखी. तिनं विचारलं, कुणाला माहीत आहे का, ह्या लोकांनी मासाच का काढला?

शुभाताईंचा हात वर गेला हो. त्यांना माहीत होतं. पन्नास वर्षांपूर्वी सरांनी फळ्यावर ती पाच ग्रीक अक्षरं काढून दाखवली होती. त्या दोन पावलं पुढे झाल्या आणि इंग्रजीतून बोलू लागल्या, "बिकॉज इन ग्रीक..."

शशिकांतरावांना ऐकू काही येत नव्हतं. दिसलं एवढंच की बायको गाइडला काहीतरी विचारतेय. त्यांनी खड्या आवाजात जाहीर केलं, "बाथरूम! माय वाइफ वॉन्ट्स बाथरूम. एव्हरी हाफ अवर, बाथरूम!"

बोळातून तो शब्द तीनदा घुमला. बाकीची वीसच्या वीस माणसं हसली. गाइडला वाटलं बाई अवघडलीय, तिनं मायेनं शुभाताईंच्या पाठीवर हात ठेवला आणि जिन्याकडे बोट दाखवलं. आता काय सांगणार? नाही लागली म्हणून? शुभाताई साठ पायऱ्या चढून वर गेल्या आणि वीस मिनिटं बाथरूमच्या दाराशी उभ्या राहिल्या, न लागलेल्या. तिथं त्यांनी ठरवलं. या माणसाला एकदा, एकदाच, भर सभेत असं उभं करायचं की त्याला पायाखालची जमीन दिसू नये.

आणि देव कधी कधी ऐकतो बघा, नेमकं नको ते ऐकतो.

खाली फोटो काढायला बंदी होती म्हणून शशिकांतरावांनी वरच्या दुकानातून पोस्टकार्डं घेतली होती. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती डायनिंग टेबलावर मांडून बसले आणि अकस्मात ओरडले, "शुभा, इकडे ये. हे काय आहे? गुराखी. खांद्यावर वासरू. कमरेला बासरी. बाजूला मोर. अगं, हा कृष्ण आहे! आणि हा मासा म्हणजे मत्स्यावतार. रोमच्या पोटात आपला कृष्ण बसलाय आणि दोन हजार वर्षांत एकाही गाढवाला कळलं नाही."

शुभाताईंनी पोस्टकार्ड उलटं केलं. मागे इटालियनमध्ये छापलं होतं, भला मेंढपाळ. येशूचं ते रूप. खांद्यावर मेंढी. सांगायला त्यांनी तोंड उघडलंही, देवाशपथ उघडलं. पण शशिकांतराव म्हणाले, "मध्ये बोलू नकोस, माझी लिंक तुटते." मग त्यांनी तोंड मिटलं आणि पोस्टकार्ड सुलटं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी माणूस भिंग घेऊन त्या पाच अक्षरांवर बसला. दुपारी हाक मारली, "तुला ते ब्राह्मी येतं ना? हे बघ जरा."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारलं. शुभाताई हात पुसत आल्या. अक्षरं ग्रीक होती, स्वच्छ ग्रीक. एक वाक्य सांगायचं होतं. त्यांनी ते सांगितलं नाही. पण खोटंही बोलल्या नाहीत, हे ऐका.

"उभी रेघ ब्राह्मीत असते," त्या म्हणाल्या. "तो र."

"आणि हा गोल? आत टिंब आहे."

"गोलात टिंब म्हणजे ब्राह्मीतला थ."

"मधली फुली?"

"ब्राह्मीतला क अधिकच्या चिन्हासारखा असतो. पण असा तिरका नसतो."

"मग तो ओरखडा आहे," शशिकांतराव म्हणाले. "आणि पुढची दोन?"

"ती ब्राह्मीत नाहीत."

"म्हणजे मागाहून कुणीतरी खरडलेली. र आणि थ." त्यांनी भिंग खाली ठेवलं. डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "रथ. शुभा, रथ! कृष्णाचा रथ!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ह्यांनी तर नखशिखांत बांधलं. शुभाताई म्हणाल्या, "तुम्हालाच बरं सुचतं." ते म्हणाले, "ते र आणि थचं नीट अक्षरात लिहून दे. माझ्या फायलीत राहू दे." त्यांनी लिहून दिलं. उभी रेघ बरोबर र, गोलात टिंब बरोबर थ. आणि मग चहा टाकायला गेल्या.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी म्हटलं असतं, बाई दुखावलेली आहे, सोडून द्या. पण नाही. जानेवारीचा शनिवार ठरल्यावर त्यांनी कादंबरीला फोन केला. कादंबरी मंडळाचे कार्यक्रम लावते. तिची मुलगी ऋता फिलाडेल्फियाला पीएच.डी. करते, विषय काय, तर रोमन लोकांची थडगी.

"ऋता येणार आहे ना गं वीकेंडला? तिलाही घेऊन ये," शुभाताई म्हणाल्या. "तिच्याच सब्जेक्टचं आहे."

"काकू, ती कुणाला सोडत नाही हं," कादंबरी म्हणाली. "काकांना एम्बॅरस करेल."

"छे गं. ह्यांना प्रश्न विचारलेले फार आवडतात."

बेत साधा होता. ऋता प्रश्न विचारेल. हे गप्प होतील. हॉल गप्प होईल. आणि त्या गप्पगप्पीत शुभाताई उठून उभ्या राहतील आणि त्या माशाचं उत्तर देतील, जे भुयारात अर्ध्यावर राहिलं होतं. पुरं उत्तर, आधी इंग्रजीत, मग मराठीत. पन्नास माणसं मान वळवून बघतील, अरेच्चा, ह्या बाईला येतं! बाथरूमच्या आरशासमोर त्यांनी ती चार वाक्यं इतक्यांदा म्हटली की शेवटी झोपेतही म्हणाल्या असत्या. निळी इरकल काढून इस्त्री केली. लग्नात नेसल्या नसतील इतक्या निगुतीनं त्या दिवशी नेसल्या.

त्या शनिवारी रस्त्यावर बर्फाचा चिखल होता, तरी हॉल भरला. जाहिरातच तशी केली होती शशिकांतरावांनी, "रोमच्या पाताळात श्रीकृष्ण". शुभाताई दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. ऋता आईबरोबर मागे, लोकरीची टोपी घालून, हसतमुख पोर.

आणि खरं सांगायचं तर शशिकांतराव छान बोलले. फार छान बोलले. भुयारातला अंधार, ते रिकामे कप्पे, मग एकदम वर पाहिलं तो छतावर कृष्ण. कांचनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कांचनताई तर त्या खोलीत होत्या, गाइडनं मेंढपाळ म्हणून सांगितलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, पण कृष्ण म्हटल्यावर कोण आठवतंय मेंढपाळ! मंडळाचे अध्यक्ष रवींद्र टिपणं घेत होते आणि मध्येच म्हणाले, "हे स्मरणिकेत आलंच पाहिजे." वड्यांचा वास सुटला होता तरी एक माणूस उठला नाही. शशिकांतरावांच्या हातातल्या पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर थरथरत होता. म्हातारपणाची थरथर आणि वर आनंदाची. शुभाताईंना ती दिसली. अजून वेळ होता. चक्कर आल्याचं नाटक केलं असतं तरी कार्यक्रम तिथेच आटोपला असता. त्यांनी पदर सारखा केला आणि बसून राहिल्या.

टाळ्या झाल्या. ऋतानं हात वर केला.

"काका, सुपर टॉक," ती म्हणाली. "एकच क्वेश्चन. ती लेटर्स ब्राह्मी आहेत असं कुणी सांगितलं?"

शशिकांतरावांना ऐकू गेलं नाही. तिनं पुढे येऊन मोठ्यानं विचारलं. ते हसत राहिले.

"बिकॉज ती ग्रीक आहेत, काका. इक्थुस. मीन्स फिश. मासा काढलाय आणि बाजूला मासा लिहिलंय." ती अगदी अवघडून सांगत होती बिचारी. "आणि खांद्यावर वासरू नाही. दॅट्स अ शीप. तो शेफर्ड आहे, जीझस. रोममध्ये असे खूप आहेत. आय ॲम सो सॉरी."

आधी कुणीच हसलं नाही. मग रवींद्र, ज्यांनी आताच स्मरणिकेत जागा दिली होती, टिपणवही मिटून म्हणाले, "म्हणजे देशकर, तुमचा कृष्ण धनगर निघाला!" आणि हॉल फुटला. तोंडावर पदर घेऊन, मांडीवर हात मारून हसले लोक. मागून कुणीतरी मेंढीसारखं बें केलं. सत्तरी ओलांडलेली, नातवंडं असलेली माणसं ही.

शशिकांतरावांचा चेहरा पांढराफटक पडला. पॉइंटर खाली आला. शुभाताईंनी तो चेहरा डोळे भरून पाहिला. गोड लागला त्यांना, काय सांगू, सुधारसासारखा गोड लागला. मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य जिभेवर होतं.

तेवढ्यात शशिकांतरावांनी बटण दाबलं आणि पडद्यावर पुढचं चित्र आलं. निळ्या शाईत, वळणदार, सगळ्या मंडळाच्या ओळखीचं अक्षर. दर वर्षी हळदीकुंकवाच्या आमंत्रणांवर असतं तेच. उभी रेघ बरोबर र, गोलात टिंब बरोबर थ.

"हे वाचन माझं नाही," शशिकांतराव माइकवर म्हणाले. आवाज पुन्हा खणखणीत झाला होता. "मी पडलो इंजिनियर. मला काय कळतं लिपीतलं? माझी बायको प्राचीन इतिहासाची एम.ए. आहे. नागपूर विद्यापीठ, फर्स्ट क्लास फर्स्ट. ब्राह्मीत विद्यापीठात पहिली आली होती, तुम्हा कुणाला माहीत नसेल. मी पूर्णपणे तिच्यावर विसंबलो. ती बघा, उभीच आहे. विचारा तिला."

पन्नास माणसांनी मान वळवली. शुभाताई उभ्याच होत्या, निळ्या इरकलीत, जणू नाव पुकारलं म्हणून उठलेल्या.

जिभेवरचं वाक्य तिथेच राहिलं. म्हणणार काय? मला माहीत होतं, म्हणायचं? मग हे अक्षर कुणाचं? आणि माहीत होतं तर नवऱ्याला माइकसमोर का जाऊ दिलंस, हे लगेच कुणीतरी विचारलं असतं, आणि कादंबरीला तो फोन आठवला असता. करायला गेले गणपती. मूर्ख ठरायचं का दुष्ट, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं, आणि तेही सगळे बघत असताना, लगेच.

"चुकलं माझं," शुभाताई म्हणाल्या. "फार वर्षं झाली."

हॉल एकदम मवाळ झाला. बाईमाणसाला कोण हसतंय. कांचनताई म्हणाल्या, "अगं, होतं असं, आपली वयं झाली." रवींद्र म्हणाले, "नाही नाही, वहिनी, प्रयत्न केलात हेच मोठं." आणि शशिकांतरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना वड्यांच्या टेबलाकडे घेऊन गेले. जाताना कुणीसं म्हणताना शुभाताईंना ऐकू आलं, "बायकोला चारचौघांत क्रेडिट देणारा माणूस विरळाच."

शुभाताई खाली बसल्या. शेजारच्या खुर्चीवर ऋता येऊन टेकली. तिला मनापासून वाईट वाटलं होतं, डोळे ओले झाले होते. तिनं हातात एक कागदी रुमाल घेतला आणि पेन काढलं.

"काकू, आय फील टेरिबल. मी दाखवू का? इट्स रिअली इझी." ती सावकाश, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, जसं आपण आजारी माणसाशी बोलतो. "हे फर्स्ट लेटर. आयोटा. ही फुली, हे 'की' नावाचं लेटर. आणि हा गोल, हा थीटा. ब्राह्मी नाही. ग्रीक. ओके?"

शुभाताईंनी मान हलवली.

"जीझस क्राइस्ट, गॉड्स सन, सेव्हियर, हे ग्रीकमध्ये पाच वर्ड्स. पाचही शब्दांचं पहिलं पहिलं लेटर घेतलं, की फिश होतं. एक सिक्रेट कोडसारखं. समजलं ना?"

तेवढ्यात वड्याची प्लेट घेऊन शशिकांतराव मागे येऊन उभे राहिले. चटणी बोटाला लागली होती ती त्यांनी चाटली. "नीट समजावून सांग हं तिला, ऋता," ते म्हणाले. "हळूहळू सांग, घाई करू नकोस."

ऋतानं रुमालावर एक पोरगा काढला आणि त्याच्या खांद्यावर एक जनावर. आखूड शेपूट काढली, लोकर दिसावी म्हणून अंगभर गिरगोट्या काढल्या. मग रुमाल शुभाताईंच्या मांडीवर ठेवून तिनं त्या जनावरावर बोट टेकवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहिली, त्या आपण होऊन म्हणतात का म्हणून.

"मेंढी," शुभाताई म्हणाल्या. "मेंढी होय गं ही? मला मेलीला वासरूच वाटलं."